आजोबांची सीडी आणि विंडोज ९८

गेले तीन शनिवार-रविवार मी विंडोज ९८ इन्स्टॉल करतोय. हो, अठ्ठ्याण्णवच. आठवडाभर ऑफिसात क्लाउड आणि कंटेनरच्या गप्पा मारायच्या आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून त्या निळ्या पडद्याकडे बघत राहायचं. आई म्हणाली, "ऑफिसातली कामं कमी पडतात का रे तुला?"

कारण सांगतो. माझे आजोबा सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी आठवणी लिहून काढल्या. आठ वह्या. १९९९ साली सांगलीतल्या एका डीटीपीवाल्या काकांकडून त्या टाइप करून घेतल्या. पुस्तक छापायचं होतं, ते काही ना काही कारणाने राहूनच गेलं. पुढे आजोबा गेले. वह्या गावच्या घरात होत्या, त्या २०१९ च्या पुरात गेल्या. उरली ती डीटीपीवाल्या काकांनी दिलेली सीडी, कारण ती पुण्यात आमच्या माळ्यावर एका बिस्किटांच्या डब्यात पडली होती.

म्हटलं, चला, सीडी आहे म्हणजे सगळं आहे. आपण इंजिनिअर आहोत, अर्ध्या तासाचं काम.

सीडीवर अकरा फाइली निघाल्या, पेजमेकर ६.५ च्या. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ सालची. आजच्या मशीनवर त्या उघडायलाच कुणी तयार नाही. कशीबशी एकातली अक्षरं बाहेर काढली, तर काय? पौंडाची खूण, येनची खूण, टोपी घातलेले युरोपियन स्वर, मधूनच एखादा कंस. आजोबांच्या तीनशे पानांची ही अवस्था.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेव्हा विंडोजला देवनागरी येतच नव्हती. ती विंडोज २००० पासून आली, युनिकोडमुळे. त्याआधी सगळ्या कंपन्यांनी एक जुगाड केला होता. फॉन्टमध्ये अक्षरांसाठी जेमतेम अडीचशे घरं असतात. त्यातल्या इंग्रजी आणि युरोपियन अक्षरांच्या जागी अर्धा क, काना, वेलांटी, रफार यांची चित्रं बसवायची. कॉम्प्युटरला वाटतं आपण पौंडाची खूण साठवतोय, माणसाला दिसते वेलांटी. यात पुन्हा प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. सी-डॅकच्या लोकांनी आयएससीआयआय नावाची एक सामायिक पद्धत आणली होती, १९९१ साली ती भारतीय मानकही झाली, पण डीटीपीच्या बाजारात ज्याचा त्याचा फॉन्ट आणि ज्याचा त्याचा कीबोर्ड हेच चालू राहिलं. म्हणजे फॉन्ट हरवला की मजकूर हरवला. फाइल शाबूत, डिस्क शाबूत, आणि तरी वाचता येत नाही.

मग मी सांगलीला गेलो. डीटीपीवाल्या काकांचं आता फ्लेक्स आणि झेरॉक्सचं दुकान आहे. "तू गुरुजींचा नातू ना रे?" म्हणाले. मी लॅपटॉप उघडून तो कचरा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, दोन मिनिटं पाहिलं, आणि चक्क वाचायला लागले! "ही 'शाळा' आहे बघ. हे 'पाऊस'. इथं जोडाक्षर आहे, थांब..." पंचवीस वर्षं उलटून गेली, पण कुठल्या चित्राला कुठली की हे बोटांत बसलेलं होतं. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. एका कंपनीचं अख्खं एन्कोडिंग एका माणसाच्या बोटांत शिल्लक आहे, आणि तो माणूस आता पासष्टीच्या पुढे.

आता हा झाला माझा घरगुती प्रश्न. पण जुनं सॉफ्टवेअर जिवंत ठेवायच्या या खटाटोपात जगभरची हौशी मंडळी गेली तीसेक वर्षं गुंतलेली आहेत. ऑफिसात याला 'रिकाम्या वेळचा छंद' म्हणतात, मीही म्हणायचो. आता मला वाटतं, आपल्या धंद्यातलं हे सगळ्यात जबाबदारीचं काम आहे आणि ते बहुतेक बिनपगारीच होतंय.

ताजंच उदाहरण घ्या. २०२५ साली अमेरिकेत युटा विद्यापीठात एक स्टोअररूम साफ करताना चुंबकीय टेपचं एक रीळ सापडलं. त्यावर हाताने लिहिलेलं होतं की ही बेल लॅब्जकडून आलेली युनिक्सची चौथी आवृत्ती आहे. युनिक्स चौथी म्हणजे १९७३ सालची. कर्नल सी भाषेत लिहिलेली ही पहिली आवृत्ती, म्हणजे आज आपल्या खिशातल्या फोनपर्यंत जी परंपरा येते तिचं एक मोठं वळण. आणि ही पूर्ण आवृत्ती हरवली असंच सगळे धरून चालले होते, मॅन्युअल आणि काही तुकडे तेवढे होते. ते रीळ टपालाने न पाठवता विद्यापीठाच्या लोकांनी हजार-बाराशे किलोमीटर गाडीने नेऊन कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमच्या हाती दिलं. तिथे डिसेंबर २०२५ मध्ये टेपवरचा चुंबकीय सिग्नल थेट डिजिटाइज केला आणि सॉफ्टवेअरने त्यातून बिट्स वेगळे काढले. थोड्याच दिवसांत ती सिस्टीम सिम्युलेटरवर सुरूही झाली.

हे वाचून मला काय वाटलं सांगू? टेप सापडली हे नशीब. पण सापडल्यावर ती कुणाकडे न्यायची, कशी वाचायची, वाचलेलं कुठल्या सिम्युलेटरवर चालवायचं, हे सगळं आधीपासून तयार होतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या पीडीपी-११ ची सवय असलेली माणसं तयार होती. ही तयारी नसती तर सफाईवाल्याने रीळ भंगारात टाकलं असतं आणि त्याला दोष देता आला नसता.

दुसरी गोष्ट परवानगीची. इथे जुन्या सिस्टीमचा जीव खरा अडकतो.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७६-७७ च्या सुमारास युनिक्स सहावीचा संपूर्ण कर्नल आणि त्यावरचं ओळीओळीचं विवेचन विद्यार्थ्यांसाठी तयार केलं. सगळा कोड दहा हजार ओळींच्याही आत. पण १९७९ ला सातवी आवृत्ती आली आणि मालक कंपनीने तिचा कोड वर्गात शिकवायला मनाई केली. लायन्स यांचं पुस्तकही उघडपणे छापता येईना. मग पोरांनी काय केलं? आपण करतो तेच. झेरॉक्स! झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, अक्षरं पुसट होईपर्यंत. जवळजवळ वीस वर्षं ते पुस्तक असंच फिरलं आणि १९९६ मध्ये कायदेशीरपणे छापून आलं. वर्गात कोड दाखवता येत नाही म्हणून अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये मिनिक्स लिहिली, आणि मिनिक्स वापरणाऱ्या एका फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सहाव्या आवृत्तीवरून नव्याने लिहिलेली एमआयटीची एक्सव्ही६ आज आयआयटी मुंबईतसुद्धा शिकवायला वापरतात. तेव्हा 'जुनं ते कशाला उकरायचं' असं म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

त्या जुन्या युनिक्सचं पुढे काय झालं? हौशी लोकांनी मालकांच्या मागे लागून लागून १९९८ मध्ये शंभर डॉलरचं वैयक्तिक लायसन्स मिळवलं. आणि जानेवारी २००२ मध्ये तेव्हाच्या मालक कंपनीने, म्हणजे काल्डेराने, एक पत्र काढून पहिली ते सातवी या आवृत्त्या जवळपास विनाअट मोकळ्या केल्या. एक पत्र! त्या पत्रामुळे आज कुणीही, सांगलीतला बारावीचा पोरगाही, हा कोड उघडपणे चालवू शकतो. मायक्रोसॉफ्टनेही एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांचा सोर्स २०१४ मध्ये म्युझियममार्फत खुला केला, २०१८ मध्ये त्याला एमआयटी लायसन्स लावलं, २०२४ मध्ये डॉस ४ ची भर घातली. यात कंपन्यांचं काय गेलं? माझ्या माहितीत काही नाही.

याच्या उलट गोष्ट व्हीएमएसची. ही डिजिटल कंपनीची १९७७ सालची सिस्टीम. तिच्याशी आपलं नातं आहे बरं का. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत रेल्वेचं रिझर्व्हेशन पहिल्यांदा कॉम्प्युटरवर आलं ते सीएमसीने डिजिटलच्या व्हॅक्स मशीनवर उभं केलं होतं, आणि पुढे देशभर जोडलेली रिझर्व्हेशनची यंत्रणाही व्हीएमएसवरच चालली. आपल्या आई-बाबांनी लग्नानंतर पहिल्यांदा काढलेलं कॉम्प्युटरचं तिकीट कदाचित तिनेच दिलं असेल. १९९७ पासून हौशी लोकांना या सिस्टीमचं फुकट लायसन्स मिळायचं, दरवर्षी नवीन. मालक बदलत गेले, डिजिटल, कॉम्पॅक, एचपी... आणि २०२० मध्ये ते लायसन्स देणं बंद झालं. ज्या नव्या कंपनीकडे सिस्टीम गेली होती तिने स्वतःचं सुरू केलं, पण त्यात व्हॅक्स नव्हतंच. २०२४ मध्ये तिनेही अल्फा आणि इटॅनियमसाठी नवीन हौशी लायसन्स देणं थांबवलं. आता मिळते ती आजच्या इंटेल मशीनसाठीची तयार इमेज, मुदत घातलेली.

कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. तिला पगार द्यायचे असतात, आणि फुकट लायसन्स सांभाळायलाही माणूस लागतो. पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागणारी परवानगी म्हणजे भाड्याचं घर. मालकाची मर्जी आहे तोवर राहा. त्यात ठेवलेल्या गोष्टीला 'जपलेली' म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे.

बरं, श्रीमंत आश्रयदाता मिळाला तर? तोही अनुभव घेऊन झालाय. सिअॅटलमध्ये मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी लिव्हिंग कॉम्प्युटर्स नावाचं म्युझियम काढलं होतं. तिथे जुनी मशीन्स काचेमागे नसायची, चालू असायची, लोक त्यावर बसायचे. २०१९ मध्ये युनिक्सच्या पन्नाशीला तिथल्या खऱ्याखुऱ्या पीडीपी-७ वर सगळ्यात जुनी युनिक्स चालवून दाखवली गेली. अॅलन २०१८ मध्येच गेले होते. २०२० मध्ये म्युझियमचं दार लागलं ते लागलंच, आणि २०२४ मध्ये संग्रहातल्या वस्तू लिलावात निघाल्या. एका माणसाच्या जिवावर उभं असलेलं काम त्या माणसाबरोबर संपतं.

आणि हे फक्त पैसेवाल्यांना लागू नाही. ही जुनी मशीन्स ज्या सिम्युलेटरवर चालतात त्यातला सगळ्यात वापरला जाणारा सिमएच. बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला, पुढे बऱ्याच जणांनी वाढवलेला. २०२२ मध्ये त्यात भांडण झालं. त्या वेळी कोड सांभाळणाऱ्या गृहस्थांनी एक सोय घातली होती. डिस्कची इमेज जोडली की सिम्युलेटर त्या फाइलच्या शेवटी स्वतःची थोडी माहिती लिहून ठेवणार, म्हणजे पुढच्या वेळी डिस्कचा आकार विचारायला नको. हेतू चांगला. पण काही लोक म्हणाले, अहो, ही इमेज म्हणजे मूळ दस्तऐवज आहे, त्यात आमच्या नकळत एक बाइटही वाढता कामा नये. वाद पेटला. गृहस्थांनी लायसन्समध्येच कलम घातलं की माझा हा भाग कुणी बदलला तर माझा पुढचा कोड वापरायचा नाही. शेवटी बाकीच्यांनी त्याच वर्षी ओपन सिमएच नावाने वेगळी चूल मांडली. सुपनिक त्यात आले, आणि निर्णय एकाऐवजी समितीकडे गेले.

बाहेरून पाहिलं तर रिकामटेकड्यांचं भांडण वाटेल. मला तसं वाटत नाही. हौशी कामात पगार नसतो, बॉस नसतो, त्यामुळे सगळ्यात जास्त काम करणारा आपोआप मालक होतो. गणेश मंडळात पाहिलंय आपण. वर्गणी सगळ्यांची, शब्द एकाचा. तो माणूस चांगला असेल तोवर सगळं सुरळीत, आणि एके दिवशी तो रुसतो. म्हणून नियम आधी ठरवावे लागतात. मूळ प्रतीला हात लावायचा नाही. जे काही करायचं ते नकलेवर. केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवायचा. आणि किल्ली एकट्याच्या खिशात ठेवायची नाही. भांडण उशिरा झालं, पण उत्तर बरोबर निघालं असं माझं मत आहे.

आता परत आपल्याकडे येऊ. मराठीत १९९० ते २००५ या काळात किती मजकूर या जुन्या फॉन्टांत टाइप झाला असेल याचा अंदाज करा. दिवाळी अंक, स्मरणिका, शाळांची वार्षिकं, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं, नगरपालिकांचे अहवाल, लग्नपत्रिका. छापलेलं कागदावर आहे. न छापलेलं, आजोबांच्या पुस्तकासारखं, फक्त फाइलींत.

मित्र म्हणतो, कन्व्हर्टर वापर की, जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देतात. वापरला. चांगले आहेत, पण प्रत्येक फॉन्टला वेगळा लागतो आणि जोडाक्षरं, रफार इथे हमखास घोटाळा होतो. कन्व्हर्टरने केलेलं बरोबर आहे की नाही हे तपासायचं कशाशी? मूळ पान डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. ते दिसायला पेजमेकर हवा, तो फॉन्ट हवा, आणि ते दोन्ही चालायला विंडोज ९८ हवी. फिरून भोपळे चौकात!

आणि कायदा? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम हे साहित्य धरलं जातं, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क. १९९५ साली तिशीतल्या कुणी लिहिलेला फॉन्टचा प्रोग्राम आपण असेपर्यंत काही मोकळा होत नाही. तुमच्याकडे रीतसर प्रत असेल तर बॅकअप काढता येतो, इतपत सूट आहे. पण ज्याची कंपनी बंद पडली, ज्याचा डोंगल तुटला, ज्याची प्रत आता विकत मिळत नाही, त्याने काय करायचं? अमेरिकेत निदान २०१८ पासून ग्रंथालयं, अभिलेखागारं आणि म्युझियम यांना जपणुकीसाठी जुन्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडायची मुभा आहे. आपल्याकडेही अशी ठाम तरतूद व्हायला हवी असं मला वाटतं. तोवर, ज्यांच्या कपाटात हे जुने फॉन्ट, त्यांचे तक्ते आणि कीबोर्ड पडलेत त्या कंपन्यांनी काल्डेरासारखं एक पत्र काढावं. त्या विंडोज ९८ च्या पॅकेजवर आज कुणी पैसे कमावत नाही.

माझ्या सीडीचं काय झालं? काकांनी माळ्यावरून त्यांचं जुनं मशीन काढलं. हार्ड डिस्क सुरू झाली, देवाची कृपा. त्यातून फॉन्टची फाइल मिळाली, पेजमेकरची त्यांची विकत घेतलेली सीडी मिळाली. तिसऱ्या रविवारी रात्री दीड वाजता व्हर्च्युअल मशीनमध्ये पहिलं पान उघडलं. मराठीत. आजोबांनी अर्पणपत्रिकेत आजीचं नाव लिहिलंय, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला उठवून दाखवलं. ऑफिसच्या कामाबद्दल ती परत काही बोलली नाही.

अकरांपैकी नऊ फाइली उघडल्या. दोन नाहीत, सीडीचा तेवढा भाग गेलाय. तऱ्हेतऱ्हेने वाचून पाहिला, पुन्हा वाचतोय. वह्या पाण्यात गेल्या, त्यामुळे त्या दोन प्रकरणांची दुसरी प्रत कुठेच नाही. पाच वर्षं आधी हा उद्योग केला असता तर कदाचित मिळाली असती. हे मला लागलंय.

तेव्हा या सुट्टीत माळ्यावर चढा. सीडी, फ्लॉपी, जे असेल त्याची जशीच्या तशी इमेज काढा, दोन ठिकाणी ठेवा, आणि ती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठल्या फॉन्टमध्ये केली होती हे एका साध्या कागदावर लिहून त्यासोबत ठेवा. ज्याने टाइप केलं तो माणूस अजून असेल तर आधी त्याच्याकडे जा.

मी पुढच्या शनिवारी पुन्हा सांगलीला चाललोय. काकांना शेजारी बसवून प्रत्येक की दाबून घेणार आहे आणि तक्ता लिहून काढणार आहे. ते म्हणाले, "ये, पण दुपारी ये. सकाळी झेरॉक्सला गर्दी असते."